नऱ्हे-आंबेगाव साइडला फ्लॅट घ्यायचाय, आईबाबा दिवसभर एकटे असतील, एरिया सेफ आहे का?

तासगावचा_पुणेकर
नमस्कार मंडळी. आईबाबांना तासगावहून कायमचं पुण्यात आणायचं ठरलंय. मी आणि बायको दोघंही नोकरीवाले, सकाळी बाहेर पडलो की रात्रीच घरी, त्यामुळे दिवसभर घरात ते दोघंच. बजेट बघता सिंहगड रोडला आतल्या बाजूलाच जमतंय, नऱ्हे, आंबेगाव बुद्रुक, धायरी असं सगळं फिरून झालं आणि नऱ्ह्यात एक टू बीएचके आवडलाय, रीसेलचा, टोकन अजून दिलं नाही. आता घोळ असा झालाय की ज्याला सांगावं तो म्हणतो अरे तिकडे कोयता गँग, तिकडे कशाला मरायला जातोस. फॅमिली ग्रुपवर मामांनी रात्री गाड्या फोडतानाचा सीसीटीव्हीचा व्हिडिओ टाकला, तो कुठला, कधीचा काही लिहिलेलं नाही, पण तेव्हापासून आईचं चालू आहे की मला आपलं तासगावच बरं.

बाबा रिटायर्ड शिक्षक, पहाटे फिरायला जाणारच. आई गळ्यातलं काढणार नाही, सांगून दमलो. तर मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे एरियानुसार क्राइम रेट खरंच कुठे बघायला मिळतो का. आणि दुसरं, तिथे राहणाऱ्यांनी खरं खरं सांगा, रोजच्या जगण्यात भीती वाटते का. ब्रोकरला विचारून उपयोग नाही, तो म्हणतो "एकदम फॅमिली एरिया आहे सर", येरवडा जेलच्या भिंतीला लागून फ्लॅट असता तरी त्याने हेच सांगितलं असतं.

धायरीफाटा
दादा, ह्या बाजूला बरीच वर्षं राहतोय. व्हिडिओ खोटे नसतात पण त्यातनं लोक भलताच अर्थ काढतात. कोयतेवाल्या पोरांचं बहुतेक वेळा आपसातलं असतं, कुणी इन्स्टाला स्टेटस ठेवलं, कुणी कुणाला भाई म्हणायचं, कुणाची जुनी खुन्नस, मग रात्री पाचसहा जण गाड्यांवर येतात, ज्याला मारायला आले तो सापडत नाही आणि मग रस्त्यावर लावलेली रिक्षा, टेम्पो, कार जे दिसेल त्याच्या काचा फोडायच्या. दहशत माजवायची, बास. आपल्यासारख्याचं त्यात नुकसान होतं ते गाडीचं. म्हणून सांगतो, गेटच्या आत स्वतःचं पार्किंग असेल तरच फ्लॅट घ्या, आणि गाडीला नुसता थर्ड पार्टी ठेवू नका, काच फुटली तर त्यात दमडी मिळत नाही.

पोरं मोठी नसतात हो, मिसरूडही फुटलेलं नसतं. त्यातले कितीतरी अठराच्या आतले, म्हणून पेपरात 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा शब्द येतो. २०२३ च्या सुरुवातीला पोलिसांनी कोयते विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्यायला लावलं होतं. आता ऊसतोडीच्या माणसाने कोयता घ्यायचा तर काय करायचं देव जाणे.

मला विचाराल तर कोयत्यापेक्षा हायवेवरच्या नवले पुलाची भीती जास्त. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की सलग उतार, डिझेल वाचवायला ट्रकवाले गाडी न्यूट्रलला टाकतात, खाली येईपर्यंत ब्रेक लागत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीने एका फटक्यात डझनावारी गाड्या उडवल्या होत्या आणि त्यानंतरही अपघात थांबलेले नाहीत. आईबाबांना भाजी आणायला, डॉक्टरकडे जायला हायवे ओलांडावा लागत असेल तर तो फ्लॅट नको, मग तिथे एकही चोर नसला तरी नको.

पेठेतला
म्हणून आम्ही पेठ सोडत नाही. हायवेपलीकडे पुणं नसतं, नुसता पिनकोड असतो.

धायरीफाटा
काका, २७ जून २०२३ ला सकाळी सदाशिव पेठेत एका मुलीच्या मागे एक जण कोयता घेऊन धावला होता, विसरलात का? स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आलेल्या पोरांनी त्याला धरलं म्हणून ती वाचली, आणि ती पोरंपण बाहेरगावचीच बरं का. कोथरूड तर त्याहून सभ्य ना, तिथे ५ जानेवारी २०२४ ला सुतारदऱ्यात भरदिवसा एका गुंडाला गोळ्या घातल्या.

पेठेतला
एखाद्या घटनेवरून पेठ बदनाम करू नका.

धायरीफाटा
बघा, मी नऱ्ह्याबद्दल दुसरं काय म्हणतोय?

आकडेमोड
क्राइम रेटचं विचारलंय तर ते सांगतो, जरा लांबेल.

एनसीआरबी म्हणजे केंद्राचा गुन्ह्यांची नोंद ठेवणारा विभाग, त्यांचा दर वर्षाचा अहवाल असतो, त्यात २० लाखांवर लोकसंख्या असलेली १९ शहरं वेगळी काढतात. २०२२ च्या अहवालात दर लाख लोकांमागे दखलपात्र आयपीसी गुन्हे कोलकात्यात ८६.५, पुण्यात २८०.७ आणि हैदराबादला २९९.२ होते, म्हणजे सगळ्यात कमीमध्ये पुणे दुसरं. २०२१ लाही दुसरंच होतं, २५६.८. त्यावरून 'पुणे देशातलं दुसरं सुरक्षित शहर' अशा बातम्या झाल्या आणि बिल्डरांनी त्या ब्रोशरमध्ये छापल्या.

पण ह्या आकड्याचा तुमच्या फ्लॅटला काडीचा उपयोग नाही. एक तर तो शहराच्या खाली उतरतच नाही, नऱ्हे वेगळं, औंध वेगळं असं त्यात काही नसतं. वर भागाकार करताना लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरतात, पुण्याची साधारण ५० लाख. तेव्हा तुमच्या नऱ्ह्यात काय होतं आणि आज काय आहे ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. आणि मुख्य म्हणजे हा झालेल्या गुन्ह्यांचा आकडा नाहीच, हा लिहून घेतलेल्या गुन्ह्यांचा आहे. दिल्लीत गाडी चोरीला गेली तर घरबसल्या ई-एफआयआर होते, मग तिथला आकडा फुगणारच. म्हणजे जिथे पोलीस तक्रार लिहून घेतात ते शहर कागदावर वाईट दिसतं आणि जिथे हाकलून देतात ते छान दिसतं. एनसीआरबी स्वतः त्या अहवालात सांगते की नोंद वाढली म्हणजे गुन्हे वाढले असं समजू नका, पण तेवढं पान वाचतो कोण. त्यात भर म्हणजे एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी त्यातला सगळ्यात गंभीर तेवढा एक मोजतात.

मग करायचं काय? महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' असा भाग आहे. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये आदेश दिला तेव्हापासून संवेदनशील प्रकरणं सोडून बाकी एफआयआर ऑनलाइन टाकाव्या लागतात. तिथे आयुक्तालय निवडायचं, पोलीस ठाणं निवडायचं, तारखा टाकायच्या आणि चहा घेऊन बसायचं, कारण साइट आपल्या मूडप्रमाणे चालते. १ जुलै २०२४ नंतरची कलमं आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची दिसतील. ३०३ म्हणजे साधी चोरी, गाडीचोरी त्यातच येते. ३०४ म्हणजे हिसकावणे, तुमच्या आईंसाठी हे बघा. ३०५ आणि ३३१ जोडीने दिसले की घरफोडी, त्यातही ३३१(३) दिवसाची आणि ३३१(४) रात्रीची. ३०९ जबरी चोरी. ३२४ म्हणजे तोडफोड, गाड्यांच्या काचा वगैरे त्यात. आणि आर्म अॅक्ट ४(२५), सोबत महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१)(३) सह १३५ असं दिसलं की कुणाकडे तरी कोयता सापडलाय असं समजा. मुलींवरचे, लहान मुलांवरचे लैंगिक गुन्हे त्या यादीत दिसणार नाहीत, म्हणून ती यादी स्वच्छ दिसली तरी तेवढ्यावर खूश होऊ नका.

एक लक्षात ठेवा, हद्दी बदलल्यात. २०२४ मध्ये आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ अशी सात नवीन ठाणी झाली, ती आजूबाजूच्या जुन्या ठाण्यांची हद्द कापूनच झाली. त्यामुळे जुन्या ठाण्याचे गुन्हे कमी झालेले दिसतील, ती काही सुधारणा नव्हे, हद्द गेली. फ्लॅटचा पत्ता आज कोणत्या ठाण्यात येतो ते आधी नक्की करा, मग यादी चाळा.

खाकी_घरातला
आकडेमोड भाऊ एक नंबर लिहिलंय. वडील खात्यातून रिटायर झाले म्हणून नावही असलं घेतलंय, तर त्यात थोडी भर घालतो.

ह्या यादीत मोबाइलच्या चोऱ्या कमी दिसतात त्याचं कारण 'गहाळ'. आमच्या शेजारच्या काकूंच्या हातातून गाडीवरच्या दोघांनी फोन ओढला, त्या एका ठाण्यात गेल्या, कुठलं ते सोडा, तर तिथे समजूत घातली की मॅडम गहाळ लिहू, लगेच दाखला मिळेल, सिम आजच्या आज चालू होईल, एफआयआर केली तर कोर्टाच्या चकरा. काकूंनी गहाळ लिहून दिलं. आता कागदावर कसंय, तो फोन काकूंच्या हातून कुठेतरी पडला, आणि त्या रस्त्यावर काहीही घडलेलं नाही. मग पुढच्या महिन्यात तिथे गस्त कशासाठी वाढेल?

त्यामुळे असं काही झालं तर अडून बसा. हिसकावलं असेल तर ३०४ खाली एफआयआरच. हद्द आमची नाही असं सांगितलं तरी झिरो एफआयआर घ्यावी लागते, नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मध्ये ते आता स्पष्ट आहे, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते, तिचे पैसे नसतात. नाहीच घेतली तर लेखी अर्ज उपायुक्तांच्या ऑफिसला, पोस्टाने पाठवला तरी चालतो, त्यानेही नाही झालं तर कोर्ट. बहुतेक वेळा अर्जाचं नाव काढलं तरी ठाणे अंमलदार खुर्ची पुढे सरकवतो. फोनचा आयएमईआय म्हणजे हँडसेटचा नंबर सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर ब्लॉक करायचा, खूप जणांचे फोन त्यावरून परत मिळालेत.

टू व्हीलर चोरीला गेली तर त्याच दिवशी तक्रार द्या, 'सापडेल दोन दिवसात' करत बसू नका. चोरलेल्या गाडीवरूनच सोनसाखळ्या ओढतात आणि गाडी कुठेतरी टाकून देतात, मग नंबरवरून पोलीस आधी तुमच्या दारात.

सोसायटीचा_सेक्रेटरी
वडगाव बुद्रुकला असतो, गेली काही वर्षं सोसायटीचं हे बिनपगारी काम गळ्यात पडलंय, म्हणून घरफोडीबद्दल लिहितो, कारण आईबाबांसाठी खरा प्रश्न तो आहे असं मला वाटतं, कोयत्याचा नाही.

उपनगरातला चोर फक्त रात्रीच येतो हा समज काढून टाका. तो दिवसा अकरा ते चार ह्या वेळातही येतो. शिपाई, कुरिअर, एसी सर्व्हिस, काहीही. त्याला बंद फ्लॅट हवा असतो आणि बंद फ्लॅट ओळखायला फार डोकं लागत नाही, दारात कालचा पेपर, कडीला दुधाची पिशवी, बाहेरून मोठं कुलूप. आमच्याकडे झाली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे लोक लग्नाला गेलेले. पेपरात येतं ना 'कडीकोयंडा उचकटून', तो कोयंडा मी हातात घेऊन बघितला, बिल्डरने लावलेला, पत्र्याचा, पाऊण इंचाच्या चार स्क्रूवर, लहान मुलानेही पक्कडीने काढला असता. आणि हरामखोरांनी आधी त्या मजल्यावरच्या बाकी दोन्ही दारांना बाहेरून कड्या घातलेल्या, म्हणजे आवाज ऐकून कुणी उठलं तरी बाहेर येणार कसं. वॉचमनच्या रजिस्टरला नोंद होती, 'कुरिअर', समोर मोबाइल नंबर. मी मोजला तर नऊ आकडी.

सीसीटीव्हीची तर गंमतच. कॅमेरे होते, चालू होते, पण रेकॉर्डिंगच्या डब्याचं, डीव्हीआरचं, घड्याळ मागे, गेटचा कॅमेरा इतका वर की नुसत्या टोप्या दिसतात, आणि चांगल्यातला चांगला कॅमेरा चेअरमनच्या गाडीवर रोखलेला. म्हणून तुम्ही फ्लॅट बघायला जाल तेव्हा मॉड्युलर किचन नंतर बघा, आधी खाली केबिनमध्ये जाऊन म्हणा की कालचं रात्री नऊचं गेटचं रेकॉर्डिंग दाखवा. दाखवता आलं तर सोसायटी जिवंत आहे. "ते कंपनीवाला येऊन काढतो" असं म्हणाले तर कॅमेरे शोभेला आहेत.

दाराला बाहेरून लोखंडी सेफ्टी डोअर करून घ्या, मुख्य दाराला नाइट लॅच शिवाय एक चांगलं आतल्या आत बसणारं लॉक. बाहेरची कडी काढूनच टाका, तिचा उपयोग फक्त चोराला. घरात माणसं असतील तर हे चोर सहसा येत नाहीत, त्यामुळे आईबाबा दिवसभर घरी आहेत ही एका अर्थी जमेची बाजू, तुमच्याच काय शेजाऱ्यांच्या घरावरही लक्ष राहतं. गावाला जाताना मात्र सांगून जा.

बाबांच्या फिरण्याबद्दल. पुण्यात म्हाताऱ्या माणसांना लुबाडायची एक जुनी पद्धत आहे. दोघं नीटनेटके लोक येतात, केस बारीक, बोलणं अदबीचं, "काका आम्ही पोलीस, पुढे चौकात मर्डर झालाय, चेकिंग चालू आहे, अंगठी चेन काढून रुमालात बांधा." स्वतःच बांधून देतात. घरी येऊन रुमाल सोडला की आत खडे. खरा पोलीस कधीही दागिने काढायला लावत नाही, हे एक वाक्य बाबांना पाठ करायला लावा, शिक्षक आहेत, पाठ होईल. आईंनाही सांगा की गाडीवरून कुणी पत्ता विचारला तर जवळ जाऊन सांगायचा नाही, लांबूनच हात करायचा.

आणि फोन. दिवसभर घरी असणाऱ्या ज्येष्ठांना आता चोर घरी येऊन लुटत नाही, व्हिडिओ कॉलवर लुटतो. सीबीआय बोलतोय, तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, दार लावून बसा, मुलाला सांगू नका. डिजिटल अरेस्ट असली भानगड कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लगेच १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन, जितक्या लवकर तितके पैसे पुढच्या खात्यात अडकवता येतात. ह्याला नऱ्हे काय आणि तासगाव काय.

रात्रपाळीवाली
सगळ्या दादालोकांनी छान लिहिलंय पण रात्री घरी येणाऱ्या बाईने काय बघायचं ते कुणी लिहिलं नाही, तुमची बायकोपण नोकरी करते म्हणालात म्हणून लिहिते.

माझं साधं गणित आहे. कॅब किंवा बस जिथे सोडते तिथून घराच्या गेटपर्यंतचा रस्ता. आपल्याकडे सगळा घोळ त्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचा आहे. हायवेला लखलखाट, सोसायटीत लखलखाट, आणि मध्ये एका बाजूला पत्रे मारलेला रिकामा प्लॉट, दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधकाम, खांब आहे पण दिवा नाही, फुटपाथ तर विषयच सोडा. ही गावं महापालिकेत आली कधी, ११ गावं ऑक्टोबर २०१७ ला ज्यात आंबेगाव, धायरी होती, आणि नऱ्हे वगैरे २३ गावं ३० जून २०२१ ला. टॅक्स लगेच सुरू झाला, दिवे आपले सावकाश येतायत. फ्लॅट दुपारी बघू नका, ब्रोकर मुद्दाम दुपारीच नेतो. रात्री साडेदहाला बायकोला घेऊन पायी जा आणि तिला विचारा, ती दोन मिनिटात सांगेल.

आणि मी आणखी एक बघते, काय काय उघडं आहे. मेडिकल किती वाजेपर्यंत चालू असतं, भुर्जीपावची गाडी आहे का, अभ्यासिका आहे का. आंबेगाव-नऱ्ह्याला कॉलेजची पोरंपोरी असल्यामुळे रस्ता उशिरापर्यंत जागा असतो, त्यांच्या नावाने सगळे बोटं मोडतात पण मला अकरा वाजता रस्त्यावर चहा पिणारी वीस पोरं दिसली की बरं वाटतं. सुनसान पॉश एरियापेक्षा हे परवडलं. फेब्रुवारी २०२५ ला स्वारगेट स्टँडवर तरुणीवर जो अत्याचार झाला तो शहराच्या मधोमध, पोलीस चौकी जवळ असताना झाला, अंधारातल्या बसमध्ये. त्यामुळे चौकी किती लांब ह्यापेक्षा दिवा किती जवळ हे मी आधी बघते. पोलिसांचा ११२ मात्र फोनमध्ये सेव्ह आहे आणि एकदा लावलाय, गाडी आली होती, उशीर झाला पण आली.

मूळ_गावकरी
आम्ही इथले मूळचे. वाचून मजा वाटते, नवीन लोक येतात आणि पहिला प्रश्न, एरिया सेफ आहे का. अहो गाव होतं तेव्हा दाराला कुलूप नव्हतं, पोलीस पाटील होता, कुणाचं पोरगं कुठे जातंय सगळ्या आळीला माहीत असायचं.

पण रागाने नाही, खरं काय ते सांगतो. इथली गुन्हेगारी जमिनीच्या पैशातून आलीय. गुंठ्याला भाव आला, एका पिढीने जमीन विकली, पैसा आला तसा गेला, पुढच्या पोराच्या हातात ना शेती ना नोकरी, राहिली ती बुलेट आणि गळ्यात जाड चेन. मग साइटवर जायचं, खडी-वाळू-सिमेंट आमच्याकडूनच घ्या, टँकर आमचाच लावा, मजूर आमचेच. कुणाच्या प्लॉटवर ताबा मारायचा तर पोरं लागतात, ती पोरं मग बाहेरून पण येतात, झोपडपट्टीतली, शाळा सोडलेली, एका बिर्याणीवर आणि दारूवर. टोळीवाल्यांसाठीचा मोक्का लागतो, आधीच डांबून ठेवायचा एमपीडीए लागतो, तडीपार होतात, तडीपार झालेला दोन महिन्यांनी आळीत पान खाताना दिसतो. तुम्ही रीसेलचा फ्लॅट घेताय म्हणजे तुमचा त्या धंद्याशी संबंध येणार नाही, ज्याला रो हाउससाठी एनए म्हणजे बिगरशेती नसलेला प्लॉट घ्यायचाय त्याने मात्र दहा वेळा विचार करावा, तिथे चोर येत नाहीत, डायरेक्ट मालक बदलतो.

आणि भाड्याच्या फ्लॅटचं बघा. तुमच्या मजल्यावरचे किती फ्लॅट भाड्याने आहेत, त्यातल्या कितीजणांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय. नियम आहे, मालकाने भाडेकरूची माहिती ठाण्याला द्यायची, ऑनलाइन होतं, पंधरा मिनिटांचं काम. पण आमचेच लोक दोन रूममध्ये दहा पोरं ठेवतात आणि मालक कुठे तर दुबईला. पोरं वाईट नसतात, पण कुणाला काही झालं तर त्या फ्लॅटमध्ये राहत होतं कोण हे कुणालाच सांगता येत नाही.

धायरीफाटा
गावकरी भाऊ, कुलूप नव्हतं कारण घरात न्यायला काही नव्हतं :) बाकी टँकरचं बोललात ते शंभर टक्के.

मूळ_गावकरी
तेही खरंच म्हणा.

तासगावचा_पुणेकर
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी घरातलं माणूस पण सांगत नाही. काय काय केलं ते सांगतो.

पोर्टलवर आमच्या पत्त्याचं ठाणं काढून मागच्या काही महिन्यांच्या एफआयआर चाळल्या, डोळे दुखले. जास्त करून ३०३, म्हणजे गाड्याच, आणि अपघाताचं २८१. हिसकावण्याचे आहेत, पण बरेचसे हायवेच्या सर्व्हिस रोडचे दिसले. मामांनी टाकलेला व्हिडिओ कुठलाय ते त्यांनाच विचारलं, त्यांना पण माहीत नाही, त्यांना साडूंनी पाठवला होता.

काल रात्री बायकोला घेऊन पायी गेलो. रात्रपाळीवाली ताई, तुम्ही लिहिलेला पत्रे मारलेला प्लॉट जसाच्या तसा तिथे आहे! बायको म्हणाली ह्या रस्त्याने मी एकटी येणार नाही. मागच्या बाजूने दुसरा रस्ता आहे, लांब पडतो पण त्यावर दुकानं आहेत, मेडिकल अकराला पण उघडं होतं. दिव्याची तक्रार महापालिकेच्या पीएमसी केअर अॅपवर टाकलीय, फ्लॅट घ्यायच्या आधीच. केबिनमध्ये जाऊन कालचं रेकॉर्डिंग मागितलं, तर वॉचमन मामांनी दाखवलं, अगदी तारीख टाकून, पण भाडेकरूंची यादी मागितली तर सेक्रेटरी म्हणाले "तुम्ही आधी घ्या तर खरं फ्लॅट". अर्धे फ्लॅट भाड्याने आहेत एवढं कळलं. त्यामुळे आता विचार असाय की ह्याच बिल्डिंगमध्ये की शेजारच्या गल्लीत एक आहे तो बघावा, तिथे मालक लोक जास्त राहतात, जरा महाग आहे. पहिल्या मजल्यावरचा आहे मात्र, खिडकीला ग्रिल आहेत पण जुने. पहिला मजला घ्यावा का?

सोसायटीचा_सेक्रेटरी
आईबाबांच्या गुडघ्यांसाठी पहिला मजला चांगला, लिफ्ट बंद पडली तरी अडत नाही. ग्रिल मात्र नवीन करा, जुने बाहेरून स्क्रूने बसवलेले असतील तर पान्याने निघतात, आतून भिंतीत गाडून वेल्डिंग करून घ्या. एका खिडकीच्या ग्रिलला आतून कुलूप लावता येईल असा झडपेचा भाग ठेवा, आग लागली तर बाहेर पडायला, हे कुणी करत नाही. आणि ड्रेनेजचा पाइप त्या खिडकीजवळून जातो का बघा, जात असेल तर त्याला काटेरी तार गुंडाळा. मालक लोक जास्त असलेली बिल्डिंग थोडी महाग पडली तरी घ्या, मीटिंगला माणसं येतात, कॅमेऱ्याचे पैसे वेळेवर निघतात.

धायरीफाटा
दादा आणि पाणी विचारलंत का? जानेवारी २०२५ ला ती जीबीएसची, मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली ती ह्याच पट्ट्यात, नांदोशी, किरकिटवाडी, धायरी, नांदेड गाव. टाकी कधी धुतात, पाणी महापालिकेचं की बोअरचं की टँकरचं, मेंटेनन्समध्ये टँकरचे वेगळे घेतात का, हे टोकन द्यायच्या आधी विचारा.

तासगावचा_पुणेकर
नाही विचारलं अजून. रविवारी परत जातोय, मीटर रूम आणि टाकी दोन्ही बघून येतो. बाबांना पण घेऊन जातो ह्या वेळी.

मूळ_गावकरी
मे महिन्याचं मेंटेनन्सचं बिल मागून घ्या, जानेवारीचं दाखवतील. टँकर मेमध्ये कळतो.